वजनाचा काटा अडकलाय? भात-पोळी कमी करून तो हलवायचा कसा, आपल्या घरच्या ताटासाठी स्टेप बाय स्टेप

सुरुवातीचे किलो भराभर उतरतात, शेजारच्या काकू विचारतात "काय गं, बारीक झालीस, काय करतेस?", आणि आपण जरा हवेत असतो तेवढ्यात काटा जो बसतो तो बसतोच. जेवण तेच, चालणं तेच, वजनही तेच. इथे बहुतेक जण एकतर रात्रीचं जेवणच बंद करतात, नाहीतर "जाऊ दे, माझी हाडंच जड" म्हणून ये रे माझ्या मागल्या. मी ह्या टप्प्यातून गेलेय आणि माझा काटा हलला तो ताटातले कार्ब (भात, पोळी, साखर ह्यांतले कार्बोहायड्रेट) कमी केल्यावर. कीटो (कार्ब जवळजवळ बंदच करायचं डाएट) केलं नाही, भात कायमचा सोडला नाही, घरातल्यांसाठी वेगळा आणि माझ्यासाठी वेगळा असा दोनदा स्वयंपाकही केला नाही. जे केलं ते क्रमाने लिहितेय.

आधीच सांगते, कार्ब कमी करणं ही जादू नाहीये. २०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ लोकांना वर्षभर लो-फॅट आणि लो-कार्ब अशा दोन गटांत ठेवून बघितलं, दोन्हींच्या वजनघटीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मग कार्बच का? कारण आपल्या ताटात फॅट आणि प्रोटीनपेक्षा तेच खच्चून भरलेले असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब ह्या देशभरातल्या डायबेटिसच्या पाहणीवरून २०२५ साली आलेल्या अभ्यासात भारतीयांच्या रोजच्या कॅलरीतल्या ६२ टक्के कार्बमधून येतात असं दिसलंय. जिथे ढीग आहे तिथूनच काढायला सोपं जातं, इतकं साधं गणित आहे.

हे ज्यांनी स्वतःच्या मनाने करू नये

डायबेटिसचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि तुम्ही अचानक भात-पोळी अर्ध्यावर आणली तर शुगर धाडकन खाली येऊ शकते, डोस आधी बदलावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या डायबेटिसच्या गोळ्या असतील तर जास्तच जपा, त्यात कार्ब फार कमी झाले तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) धोकादायक पातळीला जाऊ शकतात. बीपीची गोळी घेणाऱ्यांचं बीपी उतरू शकतं. किडनीचा त्रास, प्रेग्नन्सी, अंगावर पाजणाऱ्या आया, पूर्वी ईटिंग डिसऑर्डर (उपाशी राहणं, खाऊन ओकून काढणं असा खाण्याशी जोडलेला मानसिक आजार) झालेले, ह्या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचं काही करू नका.

काय काय लागेल

- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, ग्रॅम दाखवणारा. साधा चालतो.
- कपडे शिवायची टेप. हो, हीच जास्त कामाची.
- एक वही, किंवा फोनमधलं नोट्स. कॅलरी मोजायचं ॲप चालेल पण त्यातले "होममेड पोहा वन बाउल" असले आकडे डोळे झाकून घेऊ नका, कोणाचा बाउल केवढा देव जाणे.
- रोजची वाटी. एकच ठरवा, तिच्यात पाणी ओतून ती किती मिलीची आहे बघून ठेवा.
- रक्ताचे रिपोर्ट: एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (किडनी), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), बी१२. सहा महिन्यांतले असतील तर तेच पुरेत.

## १. खरंच अडकलंय का ते आधी बघा

आठवडाभर काटा हलला नाही म्हणजे वजन अडकलं असं नव्हे. बायकांचं पाळीच्या आधी पाण्याने किलो-दीड किलो सहज वर जातं, आदल्या रात्री पापड-लोणचं-पावभाजी झाली असेल तर सकाळी काटा वर, बाहेरगावी गेलात आणि पोट साफ झालं नाही तरी वर. म्हणून रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही न खातापिता वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. सलग चार आठवडे ही सरासरी तिथेच आहे आणि बेंबीपाशी टेप लावून कंबरही तेवढीच आहे, तर मग अडकलंय म्हणा. वजन तेच पण कंबर कमी होत असेल तर काहीही बदलू नका, चाललंय ते बरं चाललंय. आपल्याकडे कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी असं धरतात.

अडकतं का, तर वजन उतरलेल्या शरीराला इंधनच कमी लागतं. आठ-दहा किलो कमी झालेलं शरीर उठता-बसता, जिना चढता पूर्वीपेक्षा कमी खर्च करतं, शिवाय कमी खाताना आपली हालचालही नकळत मंदावते. आणि तिसरं कारण कोणाला आवडत नाही पण आहे, सुरुवातीचा कडकपणा हळूहळू ढिला पडतो, चमचाभर तूप दीड चमचा होतं आणि आपल्याला कळतही नाही.

## २. आठवडाभर काहीही न बदलता फक्त लिहा

तोंडात जाईल ते सगळं लिहा. पोरांच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, भाजी ढवळताना खाल्लेलं, ऑफिसात कोणाच्या वाढदिवसाचा केक, देवळातला प्रसाद. ह्या आठवड्यात शहाण्यासारखं वागायचं नाही, नाहीतर वहीत भलताच माणूस दिसेल आणि त्याचं वजन कमी करून आपल्याला काय मिळणार.

## ३. पोळी नग म्हणून मोजू नका, पीठ मोजा

ही स्टेप सगळ्यात महत्त्वाची म्हणून जरा लांबण लावते.

"मी दोनच पोळ्या खाते" ह्या वाक्याला काही अर्थ नाही. एकदा कणीक भिजवलेली असताना गोळे काट्यावर ठेवून बघा. पातळ फुलक्याचा गोळा ५० ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यात पाणी वजा जाता साधारण ३० ग्रॅम पीठ आणि २० ग्रॅम कार्ब. आमच्याकडे सासूबाईंची घडीची पोळी असते, मऊसूत, तीन पदर सुटलेली, तिचा गोळा ठेवला तर ८० ग्रॅम! म्हणजे पन्नासेक ग्रॅम पीठ आणि ३५ ग्रॅम कार्ब, वर पदरांतलं तेल वेगळंच. त्यांच्या दोन म्हणजे फुलक्यांच्या साडेतीन झाल्या. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या "मग लहान गोळा घे की, त्यात काय एवढं", आणि खरं म्हणजे अर्धं काम तिथेच झालं.

बाकीचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सगळे अंदाजे आहेत पण रोजच्या कामाला पुरतात:

- शिजलेला भात, १५० ग्रॅमची भरलेली वाटी: ४० ते ४२ ग्रॅम कार्ब
- ज्वारीची भाकरी, ७०-८० ग्रॅम पिठाची: ५० च्या आसपास
- पोहे, ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशी: ४५
- साबुदाणा, ६० ग्रॅम कोरडा: ५० च्या वर
- वरण, एक वाटी (३० ग्रॅम डाळ): १५ ते १७
- मटकीची उसळ (४० ग्रॅम कोरडी मटकी): २० ते २२
- बटाटा १०० ग्रॅम: १७
- दोन चमचे साखरेचा चहा: १२ ते १३
- मध्यम केळं: २५
- पालेभाजी, दुधी, दोडका, घोसाळं, पडवळ, कोबी, फ्लॉवर, एक वाटी: ५ ते ८

आता भाकरीवाल्यांचा गैरसमज. "मी पोळी सोडली, भाकरीच खाते, तरी वजन उतरत नाही" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय. अहो, ज्वारी काय बाजरी काय, १०० ग्रॅम पिठात कार्ब गव्हाच्या जवळपासच असतात, आणि भाकरी पोळीपेक्षा मोठी असते! भाकरीत फायबर आहे, पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं, चव तर आहेच, पण ती फुकट नाही. वर सांगितलेल्या इंडियाबच्या अभ्यासातही पांढऱ्या तांदळाऐवजी नुसतं गहू किंवा मिलेटचं पीठ घेतल्याने डायबेटिसचा धोका कमी झालेला दिसला नाही, एकूण कार्बच कमी करून तिथे प्रोटीन आणलं तेव्हा फरक दिसला.

## ४. आपला आकडा काढा आणि थोडा थोडा खाली आणा

वहीतली आठवड्याची बेरीज करा. सकाळी पोहे-चहा, डब्यात तीन पोळ्या-भाजी, संध्याकाळी चहा आणि चार मारी, रात्री पोळी-भाजी-वरण-भात, एवढ्यानेच ३०० ग्रॅमच्या पुढे जातं. बघा, ह्यात गोडधोड काहीच नाहीये, बाहेरचं नाहीये, आपलं साधं सात्त्विक जेवण आहे.

सर्वसाधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या आत आलं की त्याला लो-कार्ब म्हणतात आणि ५० च्या आत गेलं की कीटोचा प्रांत सुरू होतो. तिथे जायची काही गरज नाही. ३०० वर असाल तर पहिले तीन आठवडे २५० वर या, मग २००, मग १५०. काटा जिथे हलायला लागेल तिथेच थांबा, उगाच अजून खाली जाऊ नका, पुढे परत अडकलं तर काढायला काहीतरी शिल्लक पाहिजे ना.

काढायचा क्रम असा ठेवा: आधी चहातली साखर आणि बिस्किटं, मग एकाच जेवणातले डबल कार्ब. पोळी आणि भात दोन्ही एका ताटात घ्यायचं नाही, एक निवडा. बटाट्याची भाजी असेल तर पोळी एकच. इथपर्यंतच पुष्कळांचे ८०-१०० ग्रॅम कमी होतात.

## ५. काढलं त्या जागी काहीतरी ठेवा, नाहीतर रात्री फरसाणाचा डबा उघडणार

नुसती पोळी कमी केली आणि बाकी ताट तेच ठेवलं तर तुम्ही उपाशी आहात. चार दिवस निभावेल, पाचव्या दिवशी रात्री अकरा वाजता ओट्यापाशी उभं राहून शेव खाल. कार्बच्या जागी प्रोटीन आणि भाजी, हे दोन्ही आलंच पाहिजे. वजन उतरवताना किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० ते ८५ ग्रॅम.

मांसाहारी लोकांचं सोपं आहे. अंडं ६ ग्रॅम, १०० ग्रॅम चिकन २२ च्या आसपास, बांगडा १९-२०. मासे खाणाऱ्यांनी फक्त रवा लावून तळणं आठवड्यातून एकदा ठेवा, बाकी तिखलं करा, आणि मुख्य म्हणजे माशाच्या आमटीबरोबर भाताचा डोंगर नको. कोकणातल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, माझं माहेर तिकडचंच आहे, पण वाटीभर भात आणि दोन तुकड्या जास्त, असं जमतं.

शाकाहारी असाल तर जरा डोकं लावावं लागतं. "आम्ही डाळ खातो की" म्हणतात, पण आपल्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम सहा ग्रॅम प्रोटीन आणि त्याच्या अडीचपट कार्ब. डाळ वाईट नाही, फक्त तिला एकटीला प्रोटीन समजू नका. पनीर १०० ग्रॅममध्ये १८-१९, सोया चंक्स कोरडे ३० ग्रॅम घेतले तरी १५, टोफू आवडत असेल तर तो, घट्ट दही, ताकाऐवजी चक्का. वरण पातळ करण्याऐवजी उसळ करा आणि ती तोंडी लावायला नको, ताटातली मुख्य वस्तू म्हणून वाटी-दीड वाटी घ्या, पोळी तिच्यासोबत एक. पिठलंही चालतं पण बेसनातही निम्म्याहून जास्त कार्बच आहेत, म्हणून पिठलं असेल त्या दिवशी भाकरी अर्धी.

भाजी दुप्पट करा. खरोखर दुप्पट, कढईच मोठी घ्या. आणि भाजीत चमचाभर साखर, आमटीत गुळाचा खडा टाकायची सवय असेल तर ती चव हळूहळू कमी करत आणा, एकदम बंद केलीत तर घरात बंड होईल.

माझा साधारण दिवस: सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट किंवा मुगाचं एक धिरडं, बिनसाखरेचा चहा. डब्यात एक घडीची पोळी, उसळ, काकडी-दाण्याची कोशिंबीर, ताक. संध्याकाळी चहा आणि मूठभर नाही, मोजून २० ग्रॅम शेंगदाणे. रात्री पालेभाजी, पनीर किंवा मासे, अर्धी भाकरी. बेरीज १२०-१३० च्या घरात. रविवारी दुपारी भात असतो आणि तो मी मजेत खाते.

## ६. पहिला आठवडा: खूश होऊ नका, घाबरूही नका

पहिल्या सात-आठ दिवसांत एक-दोन किलो उतरतील आणि तुम्ही सगळ्यांना सांगत सुटाल. ते बहुतेक पाणी असतं. शरीर कार्बचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, साठा कमी झाला की पाणीही जातं. म्हणूनच लग्नात एक दिवस जेवलात की दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर, ती चरबी नव्हे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, एका पंगतीत तेवढं कोणी जास्तीचं खात नाही, जिलबीची पैज लावली तर गोष्ट वेगळी.

पाण्याबरोबर मीठही जातं, त्यामुळे डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, उठल्यावर गरगरणं होऊ शकतं. बीपीचा त्रास नसेल तर ताकात मीठ घालून प्या, लिंबूपाणी प्या, साखर न घालता. पोट जड होत असेल तर पालेभाजी आणि पाणी वाढवा. जिममध्ये पहिले काही दिवस दम लवकर लागेल, वजनं थोडी कमी उचला पण सोडू नका, स्नायू टिकवायचे असतील तर ते पाहिजेच. जिम नसेल तर घरी उठाबशा, भिंतीला हात लावून जोर, काहीही.

## ७. हमखास पाय घसरायच्या जागा

उपवास. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, त्यात बटाटा, वर दाण्याचं कूट आणि तूप, एका प्लेटमध्ये दिवसाचा अर्ध्याहून जास्त कोटा. उपवास करायचा तर दही, ताक, दाण्याची आमटी थोड्या वरीच्या तांदळाबरोबर, काकडी, आणि चालत असेल त्यांनी पनीर.

गूळ आणि मध. कार्बच्या हिशोबात साखरेचेच भाऊ. "गुळाचा चहा" हा लो-कार्ब चहा नाही.

पाकिटं. मल्टीग्रेन, डायजेस्टिव्ह, शुगर-फ्री असं पुढे लिहिलेलं असतं, तुम्ही मागे बघा. १०० ग्रॅममागे कार्बोहायड्रेट ६५-७० असेल तर ते बिस्किटच आहे. नाचणीचं असलं तरी.

दाणे आणि तूप. कार्ब कमी म्हणून शेंगदाणे, काजू, चीज, कॉफीत तूप असं चालू होतं आणि काटा परत तिथेच. १०० ग्रॅम दाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत. लो-कार्बमध्ये कॅलरी मोजायच्या नसतात असं सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

दीक्षित की दिवेकर. हा वाद आपल्याकडे चहापेक्षा जास्त उकळतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवा म्हणतात, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन-तीन तासांनी खा आणि भात-तूप सोडू नका म्हणतात. दोन्ही करून बारीक झालेले लोक मी बघितलेत. तुम्ही जी वेळ पाळू शकाल ती पाळा, पण दोनदा जेवणाऱ्यांनी त्या दोन जेवणांत चार पोळ्या आणि भात भरून घेतला तर ते पालथ्या घड्यावर पाणी.

पाहुणे. "एवढंसं घे, काही होत नाही." ह्यावर उपाय एकच, ताटात आधीच भाजी आणि कोशिंबीर भरून घ्या, रिकामी जागा दिसली की वाढणारा वाढणारच. पुरणपोळी असेल तर एक घ्या, दुधा-तुपाबरोबर नीट बसून खा, आणि त्या जेवणातला भात-कुरडई सोडा.

## ८. किती दिवस, आणि नंतर काय

एकेका आकड्यावर निदान तीन आठवडे द्या, सरासरी आणि कंबर बघत राहा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो खाली येत असेल तर उत्तम चाललंय. हव्या त्या वजनाला आलात की कार्ब एकदम पूर्ववत करू नका, दर दोन आठवड्यांनी २०-२५ ग्रॅम वाढवा, म्हणजे आधी अर्धी वाटी भात, मग एक फुलका. पहिल्या वाढीला किलोभर पाणी परत येईल, तेवढं गृहीत धरा. जिथे सरासरी पुन्हा वर सरकायला लागते त्याच्या एक पायरी खालचा आकडा तुमचा.

आणि दीड महिना सगळं मोजूनमापून करूनही कंबर-काटा दोन्ही ढिम्म असतील तर अजून एक पोळी कमी करू नका. टीएसएच बघा, पाळी अनियमित असेल तर पीसीओएससाठी (अंडाशय आणि हार्मोनचा त्रास) गायनॅकला दाखवा, झोप पाच तासांची असेल तर आधी ती सुधारा, स्टेरॉइड किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही वजन धरून राहतं, त्या स्वतः बंद न करता डॉक्टरांशी बोला. जाताना वही घेऊन जा, "काही खात नाही हो मी" ह्यापेक्षा डॉक्टरांना तिचा जास्त उपयोग होतो.